इनबॉक्सला बारनिशी हवीच

"अहो, सर्च आहे ना!" नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ई-मेलच्या छाननीचा विषय काढला की पहिलं उत्तर हेच येतं. दुसरं उत्तर, "अर्जंट असेल तर फोन येतोच." तिसरं, "फोल्डरात गेलेला मेल कोण उघडून बघतंय? डोळ्यांसमोर असलेला बरा." आणि अलीकडे चौथं, "आता एआय आलंय, ते लावून देईल सगळं." प्रेस शॉपच्या मालकापासून त्याच्या हिशेबनिसापर्यंत आणि कर सल्लागारापासून सप्लाय बघणाऱ्या तरुण इंजिनिअरपर्यंत सगळे ही उत्तरं ठाम खात्रीने देतात. मेलिंग यादीवरून येणारे मेल फिल्टरचे नियम लावून वेगळ्या फोल्डरात पाठवणं ही रिकामटेकड्यांची हौस आहे, कामाच्या माणसाला त्याची गरज नाही, असा त्यांचा समज आहे. हा समज चुकीचा आहे. त्याची किंमत मोठ्या कंपन्या मोजत नाहीत, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. ती मोजतो वीस-पंचवीस कामगारांचा कारखाना.

त्या कारखान्याच्या एकुलत्या एका पत्त्यावर दिवसभर काय येऊन पडतं, ते आधी पाहू. अंबडमध्ये मोठी नावं आहेतच, पण वसाहत चालते ती सुटे भाग बनवणाऱ्यांवर: सीएनसीवर जॉबवर्क करणारे, प्लेटिंगवाले, पॅनेल बनवणारे, शेजारच्या सातपूरमधल्या महिंद्रा किंवा बॉशसारख्या कारखान्यांच्या पुरवठा-साखळीत कुठल्या ना कुठल्या पायरीवर असलेले. अशा कारखान्याला ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाकडून परिपत्रकं येतात. एकाच वेळी शेकडो पुरवठादारांना गेलेली ही पत्रं: गेटपासचा नवा नियम, पॅकिंगचा बदललेला आकार, दिवाळीत स्टोअर कधी बंद. उद्योजक संघटनेचं परिपत्रक येतं. इन्सर्ट आणि कूलंट विकणाऱ्यांच्या ऑफर येतात, प्रदर्शनांची आमंत्रणं येतात, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या निविदांच्या सूचना येतात, बी-टू-बी संकेतस्थळांवरच्या चौकश्या येतात, बँकेची पत्रं येतात, सीएच्या कार्यालयातून सगळ्या अशिलांना एकदम गेलेली रिटर्नची आठवण येते. याच ढिगात एक मेल असतो ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनचा. एक असतो रिजेक्शनचा. एक असतो जीएसटी खात्याचा.

हे सगळं "डोळ्यांसमोर" ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी सात-आठ मेलची शीर्षकं दिसतात. सकाळी शिफ्ट सुरू होते, मशीनवर माणूस आलेला नसतो, टेम्पो दारात उभा असतो, आणि मालक अंगठ्याने यादी वर सरकवत असतो. त्यात चाळीस मेल सारख्याच ठळक अक्षरांत दिसतात. ज्याला सगळंच डोळ्यांसमोर हवं असतं, त्याच्या डोळ्यांसमोर सर्वात वर काय असतं? सर्वात शेवटी आलेलं. महत्त्वाचं कुठलं, हे तिथे वेळ ठरवते, मालक ठरवत नाही. रात्री साडेअकराला पाठवलेली कूलंटची ऑफर संध्याकाळी सहाला आलेल्या ड्रॉइंगच्या डोक्यावर बसते. ही पद्धत काळजीची आहे, असं म्हणणारे काळजी कशाला म्हणतात?

ज्या शेडमध्ये भिंतीवर फाइव्ह-एसचा तक्ता लावलेला असतो, गेज कुठे आणि स्पॅनर कुठे याची बाह्याकृती रंगवलेली असते, रिजेक्ट मालाची पेटी लाल आणि चांगल्या मालाची हिरवी असते, त्याच शेडच्या केबिनमध्ये इनबॉक्सला मात्र एकच पेटी असते. लाल-हिरवा माल एका पेटीत टाकणाऱ्या कामगाराला आपण घरी पाठवू. मेलच्या बाबतीत मात्र तसंच करणं हा शहाणपणा ठरतो.

आता सर्चचा मुद्दा. याला आधार आहे, आणि तो मी टाळणार नाही. आयबीएमच्या संशोधकांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी 345 लोकांच्या मेल वापराच्या नोंदी तपासल्या. जुना मेल फोल्डरमधून शोधायला सरासरी 58 सेकंद लागत होते, सर्चने 17. हाताने फोल्डर लावण्यात घालवलेला वेळ वसूल होत नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. हा अभ्यास गेली कित्येक वर्षं सगळ्या छाननीविरुद्ध वापरला जातो.

पण त्यात मोजलं काय होतं? आधी पाहिलेला मेल पुन्हा सापडायला लागणारा वेळ. म्हणजे त्या माणसाला ठाऊक होतं की असा मेल आहे, कुणाचा आहे, साधारण काय शब्द आहेत. अंबडमधल्या कारखानदाराची अडचण वेगळी आहे. त्याला ठाऊकच नाही की ड्रॉइंग बदललं आहे. जे आलं आहे हेच माहीत नाही, ते तो कोणता शब्द टाकून शोधणार? सर्च मागच्या गोष्टी शोधण्याचं उत्तम साधन आहे, पण आज आलेल्या साठ मेलपैकी कोणते तीन आज वाचायला हवेत, हे ते सांगत नाही. शिवाय त्या अभ्यासातला वेळ हाताने एकेक मेल ओढून फोल्डरात टाकणाऱ्यांचा होता. नियम एकदा लिहिला की तो यंत्रणा चालवते, त्यात तुमचा रोजचा एक सेकंदही जात नाही. हाताच्या छाननीचा खर्च दाखवून नियमांची छाननी बाद करणं हा प्रतिवाद होऊच शकत नाही.

आणि ज्या सर्चवर एवढी भिस्त आहे, तो सगळीकडे शोधतो तरी का? जीमेलचा नेहमीचा सर्च स्पॅम आणि कचऱ्याच्या खणात पाहत नाही. तिथे पाहायचं तर तसं सांगावं लागतं. स्पॅममध्ये गेलेला मेल 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. शेकडो पत्त्यांवर एकदम पाठवलेलं खरेदी विभागाचं परिपत्रक स्पॅम समजलं जाण्याची शक्यता असतेच. ते तिथे अडकलं, महिना उलटला, मग सर्च कितीही चांगला असला तरी काय सापडणार? याच्यावरचा इलाज फिल्टरच्याच पडद्यावर आहे: या पत्त्याचा मेल कधीही स्पॅममध्ये पाठवू नका, अशी एक खूण तिथे करता येते. म्हणजे सर्चवाल्यांचा सर्च भरवशाचा व्हायलाही आधी नियमच लिहावा लागतो.

"अर्जंट असेल तर फोन येतो" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ते बोलणारा आपल्या धंद्याचा ताबा दुसऱ्याच्या आठवणीवर सोपवत असतो. खरेदी विभागातला माणूस फोन करतो ते त्याला घाई असते तेव्हा, तुमचं नुकसान होणार असतं तेव्हा नाही. त्याची लाइन थांबणार असेल तर तो दहा वेळा फोन करील. तुमचं बिल अडकणार असेल तर तो एक मेल पाठवील आणि त्याचं काम संपेल.

हे कसं घडतं ते नीट पाहायला हवं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे वेळेवर मिळावेत म्हणून 2006चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. हे अंबडमध्ये बहुतेकांना माहीत आहे. कमी लोक पुढचं वाचतात. माल "स्वीकारला" तो दिवस कोणता? माल पोहोचला तो दिवस. पण पोहोचल्यापासून 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस. म्हणजे एक रिजेक्शनचा मेल तुमच्या 45 दिवसांचं घड्याळ थांबवतो. तो मेल इन्सर्टच्या ऑफरखाली दबला, तुम्ही उत्तर दिलं नाही, हरकत तशीच राहिली, आणि दोन महिन्यांनी तुम्ही व्याज मागायला गेलात, तर समोरचा काय दाखवील? तो तारखेसह तोच मेल दाखवील. त्याने फोन केला नव्हता, हे तुमचं उत्तर असेल का?

जीएसटीचंही तसंच. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये नोटीस बजावण्याच्या मार्गांत नोंदणीच्या वेळी दिलेला ई-मेल आहे आणि पोर्टलही आहे. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली तर उत्तराला 7 कामकाजाचे दिवस मिळतात. यासाठी खात्यातून कुणी फोन करणार आहे का? त्यात आपल्याकडे अनेकांनी नोंदणीत पत्ता दिला आहे तो सल्लागाराचा. त्या सल्लागाराकडे शेकडो अशिलांच्या नोटिसा एकाच इनबॉक्समध्ये येतात, आणि तोही "सर्च आहे ना" म्हणणारा असेल, तर तुमचे 7 दिवस कुठे गेले हे तुम्हाला आठव्या दिवशी कळणार.

मेल वाचला नाही, हा बचाव कायद्यापुढे टिकेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 13 पाहावं. दोन पक्षांत वेगळं ठरलेलं नसेल, तर तुम्ही नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत मेल शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला, असं ते कलम मानतं. उघडला कधी, वाचला कधी, हा प्रश्न तिथे येतच नाही.

वाहन उद्योगाच्या साखळीत असणाऱ्यांना आणखी एक बंधन आहे. आयएटीएफ 16949 या मानकात ग्राहकाच्या अभियांत्रिकी तपशिलात बदल झाल्याचं कळवलं गेलं की 10 कामकाजाच्या दिवसांत त्याचा आढावा पूर्ण व्हावा, असं म्हटलं आहे. ऑडिटर आला की तो विचारतो, सूचना कधी आली, कुणी पाहिली, शॉप फ्लोअरवरून जुनं ड्रॉइंग कधी काढलं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो आणि "हो हो, फोन आला होता" हे त्याचं उत्तर नाही. असं धरा की सोमवारी रिव्हिजन आली, मेल ढिगात गेला, आणि गुरुवारपर्यंत प्रेसवर जुन्याच भोकाच्या मापाने माल निघत राहिला. तो सगळा माल भंगारात जातो, वर डेबिट नोट येते. ड्रॉइंग पाठवणाऱ्या पत्त्यासाठी एक नियम आणि एक वेगळं फोल्डर असतं, रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तेवढंच उघडून पाहिलं असतं, तर हे झालं नसतं.

एआयवाल्यांचं म्हणणं नवं वाटतं, पण ते जुनंच आहे. जीमेलने 2010मध्ये प्रायॉरिटी इनबॉक्स आणला, 2013मध्ये प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स असे टॅब आणले. तेव्हाही हेच म्हटलं गेलं, की आता यंत्रच लावून देतंय. यंत्र कशावरून लावतं? तुम्ही आजवर काय उघडलं, कुणाला उत्तर दिलं, इतरांनी अशा मेलचं काय केलं यावरून. क्वचितच येणारं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राबाबतचं पत्र तुम्ही कधी उघडलेलंच नसेल, तर ते महत्त्वाचं आहे हे त्याला कुठून कळणार? तुमच्या सवयींवरून शिकणारं यंत्र तुमच्या चुकाही शिकतं. आणि एखादा मेल प्रमोशन्समध्ये का गेला, हे तुम्ही त्याला विचारू शकत नाही. तुम्ही लिहिलेला नियम मात्र वाचता येतो, तपासता येतो, बदलता येतो, नव्या माणसाला समजावून सांगता येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता अमुक असेल तर अमुक फोल्डर. यात अंदाज कुठेच नाही. ज्या निर्णयावर माझी नोंदणी आणि माझं बिल अवलंबून आहे, तो अंदाजावर का सोडायचा? एआयला सारांश खुशाल करू द्या, पण आधी वेगळ्या काढलेल्या गठ्ठ्याचा.

फिल्टरने मेल हरवतो, ही तक्रार मात्र मी ऐकून घेतो, कारण तसे नियम लोक लिहितात. विषयाच्या ओळीत "ऑफर" शब्द असेल तर बाजूला टाका, असा नियम केला, तर उद्या ग्राहकाने "रिवाइज्ड ऑफर पाठवा" म्हणून लिहिलेला मेलही बाजूला जाणार. हा दोष त्या नियमाचा आहे. यादीवरचा मेल शब्दांवरून ओळखायचाच नसतो. ई-मेलची व्यवस्था बांधणाऱ्यांनी याची सोय फार आधी केली. 2001 साली आरएफसी 2919 या दस्तऐवजाने प्रत्येक यादीला स्वतःची ओळख देणारी "लिस्ट-आयडी" नावाची ओळ ठरवून दिली. ती मेलच्या शीर्षभागात असते, वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही, पण फिल्टरला दिसते. त्याच वर्षी सर्व्हरवरच मेल वेगळे करण्यासाठी "सीव्ह" नावाची छोटी नियमभाषा आरएफसी 3028 मध्ये आली, आणि त्याच्याही आधी 1990पासून युनिक्सवाले "प्रोकमेल" वापरत होते. रोज शेकडो मेल येणाऱ्या लोकांनी, म्हणजे खऱ्या अर्थाने कामात बुडालेल्या लोकांनी हे घडवलं. तेव्हा रिकामटेकड्यांची हौस हा आरोप कुणावर आहे?

जीमेलमध्ये यादीवरचा एखादा मेल उघडून "अशा मेलसाठी फिल्टर" हा पर्याय निवडला की ती ओळख आपोआप भरली जाते. खरेदी विभागाने यादी न वापरता सगळ्यांना गुप्त प्रतीने मेल पाठवला असेल, तर ही ओळ नसते. तिथे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम करावा. अडचण उरते ती एकाच पत्त्यावरून सुट्टीची सूचनाही पाठवणाऱ्या आणि ड्रॉइंगही पाठवणाऱ्या ग्राहकाची. त्याचा मेल इनबॉक्समधून अजिबात हलवू नये, आणि त्याला लेखी विनंती करावी की ड्रॉइंगसाठी वेगळा पत्ता द्या. अंबडमध्ये एकट्याने मागितलं तर कुणी ऐकणार नाही, पन्नास पुरवठादारांनी मागितलं तर ऐकतील.

वेळ नाही, ही सबब मी फार लांबवत नाही. नियम लिहायला काही मिनिटं लागतात. खरी अडचण अशी आहे की मालक मेल मोबाइलवर पाहतो, आणि जीमेलच्या मोबाइल अॅपमध्ये नियम लिहिताच येत नाही. त्यासाठी एकदा संगणकासमोर बसावं लागतं. तेवढं बसायला तयार नसलेल्या माणसाने वेळेची सबब सांगू नये.

कागदांची वर्गवारी कामाच्या आड येते, असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरला, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातल्या दप्तरांच्या ढिगाला शिस्त लावली. "लखिना पॅटर्न" म्हणून ते राज्यभर गाजलं. सरकारी कार्यालयांत शिकवली जाणारी सहा गठ्ठ्यांची पद्धतही हेच सांगते: हातातलं काम वेगळं, उत्तराची वाट पाहणारं वेगळं, ठरावीक काळाने द्यायची विवरणपत्रं वेगळी, कायमचे आदेश वेगळे, अभिलेखागारात जायचं वेगळं, नष्ट करायचं वेगळं. टपाल आलं की ते आधी बारनिशीत जातं, तिथे नोंद होते, मग ते ज्याचं त्याच्या टेबलावर जातं. सगळं टपाल साहेबाच्या टेबलावर ओता, लागेल तेव्हा शोधू, असं कुठल्या तहसील कार्यालयात चालेल? जी शिस्त आपण सरकारी बाबूकडून हक्काने मागतो, ती आपल्या कारखान्याच्या दारात आलेल्या पत्रांना लावायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

फोल्डर करा म्हणजे पन्नास फोल्डर करा, असं माझं म्हणणं नाही. अंबडमधल्या साध्या कारखान्याला चार पुरतात. ड्रॉइंग आणि गुणवत्ता: हे रोज सकाळी, मशीन सुरू होण्याआधी, आणि ते कुणी पाहायचं याचं नाव ठरलेलं हवं. सरकारी आणि कर: रोज एकदा, सल्लागाराकडे आपोआप प्रत जाईल अशा नियमासह, आणि नोंदणीतला पत्ता तुमचा स्वतःचा. संघटना, परिपत्रकं आणि निविदा: दोन दिवसांतून एकदा. विक्रेत्यांच्या ऑफर: शनिवारी, किंवा कधीच नाही. ग्राहकाने तुम्हाला एकट्याला उद्देशून लिहिलेला मेल इनबॉक्समध्ये राहू द्या, आणि मग इनबॉक्स उघडल्यावर दिसेल तो खरोखर तुम्हाला लिहिलेला मेल असेल. नियम सर्व्हरवर ठेवा, म्हणजे ऑफिसचा संगणक बंद असला तरी ते चालतील. खरेदी, स्टोअर आणि हिशेब या तिघांनी एकच पासवर्ड वापरणं थांबवा. कुणी उघडलेला मेल दुसऱ्याला वाचलेला दिसतो, आणि तो दोघांचाही राहत नाही.

आयमा आणि निमा या आपल्या संघटनांनी इतक्या विषयांवर शिबिरं घेतली आहेत. एक दुपार यासाठी द्यावी. सभासदांना लॅपटॉप घेऊन बोलवावं, प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या खात्यावर चार नियम लिहून घ्यावेत, आणि स्वतःची परिपत्रकं पाठवताना यादीची ओळख नीट दिसेल अशा रीतीने पाठवावीत. ग्राहक कंपन्यांकडे ड्रॉइंगसाठी वेगळ्या पत्त्याची मागणी संघटनेच्या लेटरहेडवर जाऊ द्या. आणि तुम्ही, हे वाचणारे कारखानदार, तोवर थांबू नका. आज संध्याकाळी शेड बंद करण्याआधी संगणक सुरू करा आणि पहिला नियम ड्रॉइंगच्या पत्त्यासाठी लिहा.